सर्वात मोठं झाड नक्की कोणतं? मापं कशी ताडून बघायची?

पर्णिका
महावृक्षांचा तक्ता करतेय आणि अडकलेय. कुठे पहिला नंबर कॅलिफोर्नियातल्या जनरल शर्मनचा, कुठे तिथल्याच हायपेरियनचा, तर कुठे मेक्सिकोतल्या तुलेच्या झाडाचा. तुलेचा घेर ४२ मीटर, शर्मनचा जमिनीलगत ३१. मग शर्मन मोठा कसा?

जुना बुंधा
नुसत्या घेरावर विसंबू नका, कळकळीने सांगतो. तुलेचा बुंधा गोल नाहीच. त्याला फुगवटे आहेत, खोल खाचा आहेत, आणि टेप खाचांवरून सरळ पुढे जाते, म्हणजे आतली पोकळीही मापात धरली जाते. ४२ मीटर घेरावरून व्यास तेरा मीटरच्या वर निघतो. प्रत्यक्ष लाकडाचा आडवा छेद धरला तर साधारण ९.४.

शर्मन पहिला येतो तो खोडाच्या घनफळावर: सुमारे १,४८७ घनमीटर. हायपेरियन उंचीत पहिला. २००६ मध्ये त्याच्या शेंड्यावर चढून खाली टेप सोडली, ११५.५५ मीटर भरली. पण खोड सडपातळ, घनफळ शर्मनच्या निम्म्याहूनही कमी.

अमेरिकेत गुण देण्याची पद्धत आहे: इंचांतला घेर, अधिक फुटांतली उंची, अधिक पर्णसंभाराच्या विस्ताराचा चौथा हिस्सा. मला ती पटत नाही. वडाचं सगळं वैभव विस्तारात असतं. आंध्रातल्या तिम्मम्मा मर्रिमानूने दोन हेक्टरांहून अधिक जागा व्यापली आहे, आणि इथे नेमका विस्तारच पाव हिश्शावर येतो!

पर्णिका
शेंड्यावर चढणं शक्य नाही. मी बुंध्यापासूनचं अंतर आणि शेंड्याचा कोन घेऊन टॅनने (त्रिकोणमितीतल्या टॅन्जंटने) उंची काढते. चालेल?

जुना बुंधा
शेंडा बुंध्याच्या बरोबर वर असेल तरच. झाड तुमच्याकडे झुकलेलं असलं, किंवा पुढे आलेल्या फांदीलाच तुम्ही शेंडा समजलात, तर उंची फुगते. लेझरने थेट शेंड्यापर्यंतचं तिरपं अंतर घ्या आणि कोनाच्या साइनने गुणा. बुंधा नजरेच्या खाली असेल तर तिथलंही तसंच काढून मिळवा.

वलयवेडी
वयाचा रकाना स्वतंत्र ठेव. जाडीवरून वय काढू नकोस. नेवाडातला ब्रिसलकोन पाइन 'प्रोमिथियस' १९६४ मध्ये तोडला, त्याची वलयं (वर्षाला साधारण एक) ४,८०० हून अधिक निघाली. शर्मनसमोर तो खुजाच, पण वयाने जवळपास दुप्पट. बाओबाब (गोरखचिंच) आतून पोकळ असतात, तिथे वलयं मोजून भागत नाही, रेडिओकार्बनच, म्हणजे लाकडातल्या किरणोत्सारी कार्बनवरून वय काढणं, लागतं. स्वीडनच्या ओल्ड त्यिक्को या स्प्रूस झाडाचं तर मूळ साडेनऊ हजार वर्षांचं आणि उभं खोड काही शतकांचं. दोन्ही आकडे लिही, कशाचं वय ते सांगून.

जुना बुंधा
हो, आणि घेर कुठल्या उंचीवर घेतला तेही. युरोपात १.३ मीटर, अमेरिकेत १.३७. बुंधा खाली पसरत असेल तर तेवढ्यानेही फरक पडतो, उतारावर तर फारच. मोजणीचं सालही हवं. २००६ मध्ये शर्मनची एक प्रचंड फांदी कोसळली. फांद्या धरून त्याआधी केलेलं माप आज लागू नाही.