मदत हवी आहे: सिलिकोसिसमध्ये टीबी झाला, सहा महिने औषधं पुरतील का?

माझ्या मोठ्या भावाने बरीच वर्षं दगड कापायचं आणि घासायचं काम केलं. ग्राइंडर कोरडाच चालायचा, तोंडाला फक्त फडकं. संध्याकाळी घरी यायचा तेव्हा पापण्यासुद्धा पांढऱ्या झालेल्या असायच्या. काम सुटल्यावर सिलिकोसिसचं, म्हणजे दगडाच्या धुळीने होणाऱ्या फुप्फुसाच्या आजाराचं, निदान झालं.

पूर्वी जिना चढताना धाप लागायची, आता सपाट रस्त्यावरही लागते. संध्याकाळी कणकण असते, वजन झरझर उतरलंय. एक्स-रेमध्ये दोन्ही फुप्फुसांच्या वरच्या भागात ठिपके आहेत. एका डॉक्टरांनी "जुनाच आजार वाढलाय" म्हणत खोकल्याचं औषध देऊन परत पाठवलं. दुसरीकडे थुंकी तपासली तेव्हा सीबीनॅटमध्ये (टीबीच्या जंतूंची जनुकीय तपासणी) टीबी निघाला. रिफॅम्पिसिन हे टीबीचं मुख्य औषध लागू पडेल असं रिपोर्ट सांगतो, तेवढाच धीर.

सहा महिन्यांचा कोर्स सांगितलाय. सिलिकोसिस असेल तर तो वाढवतात का? आणि टीबी बरा झाला की दादाची धाप जाईल का? घरात सगळे मलाच विचारतात. त्याचे सोबती अजून त्याच धुळीत आहेत, त्यांना काय सांगू? कुणाला अनुभव किंवा माहिती असेल तर कृपया लिहा.

प्रतिसाद १

कोर्सबद्दल डॉक्टरांना जरूर विचारा. हाँगकाँगमध्ये सिलिकोसिसच्या टीबी रुग्णांवर झालेला अभ्यास १९९१ मध्ये प्रसिद्ध झाला. सहा महिने औषधं घेतलेल्यांपैकी २२ टक्क्यांचा टीबी तीन वर्षांत उलटला, आठ महिने घेतलेल्यांपैकी ७ टक्क्यांचा. म्हणून अशा रुग्णांचा कोर्स बरेच डॉक्टर निदान दोन महिने वाढवतात. बरं वाटलं म्हणून मध्येच गोळ्या बंद करू देऊ नका, आणि धाप लागते म्हणून परस्पर स्टेरॉइड तर अजिबात नको.

धापेबद्दल खोटी आशा देणार नाही. ताप जाईल, भूक लागेल, वजन भरेल. पण सिलिकाने, म्हणजे दगडाच्या धुळीतल्या बारीक कणांनी, फुप्फुसात पडलेले व्रण जात नाहीत, धूळ सुटल्यावरही ते वाढू शकतात. टीबीच्या जंतूंना गिळणाऱ्या पेशीच सिलिकाचे कण गिळून मरतात, त्यामुळे कोर्स संपल्यावरही खोकला, ताप परतला तर लगेच थुंकी तपासा. नुसत्या एक्स-रेवर विसंबू नका, दोन्ही आजारांचे डाग बहुधा वरच्याच भागात दिसतात.

सोबत्यांना एक्स-रे काढायला सांगा, खोकला असेल तर थुंकीही तपासायला सांगा. ज्यांना सिलिकोसिस आहे पण टीबी नाही, त्यांची सुप्त टीबीसाठी (जंतू शरीरात आहेत, पण आजार झालेला नाही) तपासणी करून प्रतिबंधक औषध द्यावं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. आणि पात्यावर पाणी सोडूनच दगड कापायला हवा. फडक्याने ही बारीक धूळ अडत नाही.

दादांची थुंकी कल्चरला, म्हणजे जंतू वाढवून बघायच्या तपासणीला, पाठवली आहे का?

मूळ लेखक

नाही, फक्त सीबीनॅट झालं. पुढच्या भेटीत कल्चर आणि कोर्स, दोन्ही विचारते. रिपोर्ट आला की इथेच टाकेन.