पर्यटनावरील अवलंबित्व टक्केवारीपलीकडचे
एखाद्या देशाच्या राष्ट्रीय उत्पन्नात पर्यटनाचा वाटा कमी, म्हणून त्या देशाचे पर्यटनावरचे अवलंबित्वही कमी, असा मुद्दा मांडला जातो; तो मला अपुरा वाटतो. श्रीलंकेत एप्रिल २०१९ मधील बॉम्बस्फोटांनंतर आणि पुढे २०२० च्या महासाथीत पर्यटक येईनासे झाले, तेव्हा परकीय चलनाचा एक मोठा स्रोतच आटला. २०२२ मध्ये इंधन आणि औषधे आयात करण्यासाठी डॉलर पुरेनात, त्यामागे करकपात व कर्जाचा बोजा यांच्या जोडीला हेही कारण होते. मला अधिक काळजी वाटते ती कामगारांची. वाटाडे, तीनचाकी चालवणारे, हंगामी स्वयंपाकी यांच्यापैकी अनेकांकडे लेखी करार नसतो, त्यामुळे हंगाम बुडाला की त्यांना भरपाई मागायलाही जागा उरत नाही.