मदत हवी आहे: लायब्ररी अपग्रेडनंतर एमपीआय कोड मेमरीवर क्रॅश होतोय
मंडळी, तीन दिवस अडकलोय. आमचा फोरट्रान सॉल्व्हर (समीकरणं सोडवणारा प्रोग्राम), एमपीआयचं (अनेक प्रोसेसमध्ये डेटाची देवाणघेवाण करणारी लायब्ररी) नवीन व्हर्जन टाकल्यापासून ४ प्रोसेसवर मस्त चालतो पण ६४ वर नेला की कधी सेगफॉल्ट (चुकीच्या मेमरीला हात लावल्याने क्रॅश), कधी डबल फ्री (तीच मेमरी दोनदा मोकळी करणं), तेही दरवेळी वेगळ्याच जागी. सगळं क्लीन करून परत कंपाइल केलं, एलडीडीत (प्रोग्राम कुठल्या लायब्ररी वापरतो ते दाखवणारी कमांड) जुनी लायब्ररी दिसत नाही. व्हॅलग्रिंडमध्ये (मेमरीच्या चुका शोधणारं टूल) एमपीआयच्याच इतक्या वॉर्निंग येतात की आपली चूक सापडतच नाही. माझा संशय आयसेंडवर (पाठवणं पूर्ण व्हायची वाट न पाहता पुढे जाणारा एमपीआय कॉल) आहे, आम्ही अ‍ॅरेचा स्लाइस (एक भाग) थेट पाठवतो म्हणजे कंपायलर तात्पुरती कॉपी करतो आणि वेटच्या (पाठवणं पूर्ण होईपर्यंत थांबणारा कॉल) आधीच ती फ्री होते, जुन्या व्हर्जनमध्ये हे खपून जात असेल का? अ‍ॅड्रेस सॅनिटायझर (मेमरीच्या चुका पकडणारा कंपायलरचा पर्याय) लावून प्रत्येक रँकचा (एमपीआयमधल्या एकेका प्रोसेसचा) लॉग वेगळा कसा काढता? प्लीज सांगा, रन खोळंबलेत.