शेअर घेताना 'आतून वाटलं' याला किती किंमत द्यावी?

धागाकर्ता: "आतून वाटलं म्हणून घेतला" असं कुणी म्हटलं की मला काळजी वाटते. मुरलेल्या अग्निशामकाला धोका आधीच जाणवतो, हे मान्य. पण त्याला आपली चूक लगेच कळते. मानसशास्त्रज्ञ कानेमन आणि क्लाइन यांनी २००९ च्या लेखात हाच निकष मांडला: परिस्थितीत काही नियमितपणा हवा आणि निर्णयाचा परिणाम लवकर, स्पष्ट दिसायला हवा. तरच भरवशाची अंतःप्रेरणा तयार होते. शेअर वर्षभराने वाढला, तर आपला अंदाज बरोबर होता की सगळा बाजारच वर गेला, हे कसं ठरवणार? अशा ठिकाणी अनुभवाने आत्मविश्वास वाढतो, अचूकपणा वाढेलच असं नाही.

उलटतपासणी: असहमत. मनाऐवजी गणितावर विसंबणाऱ्यांना गणिताने तरी कुठे तारलं? लाँग टर्म कॅपिटल मॅनेजमेंट या गणिती मॉडेलांवर चालणाऱ्या गुंतवणूक फंडात मर्टन आणि शोल्स हे अर्थतज्ज्ञ होते. दोघांना १९९७ मध्ये नोबेल मिळालं आणि १९९८ मध्ये फंड कोसळला. रशियाने कर्जफेड थांबवली आणि एकमेकांशी संबंध नाही असं मानलेले व्यवहार एकदमच तोट्यात गेले. २००९ च्या एका अभ्यासात पैसे कशात किती गुंतवायचे हे ठरवणारी १४ गणिती मॉडेल तपासली. पैसे सगळीकडे सारखे वाटून टाकण्याच्या साध्या पद्धतीला एकही सातत्याने हरवू शकलं नाही. अर्थतज्ज्ञ फ्रँक नाईटने १९२१ मध्येच सांगितलं होतं की मोजता येणारी जोखीम वेगळी आणि मोजताच न येणारी अनिश्चितता वेगळी. दुसरीत मनाचा कौल का नको?

धागाकर्ता: सारखी वाटणी हा मनाचा कौल नाही हो, तो नियम आहे! आज भीती वाटतेय की हाव सुटलीय, हे तो विचारत नाही. तुमचं उदाहरण माझ्याच बाजूचं आहे.

वाचनमात्र: मनात येईल तशी सतत खरेदी-विक्री केली तर काय होतं, यावर बार्बर आणि ओडीन या अर्थशास्त्राच्या अभ्यासकांचा अभ्यास बघा. १९९१ ते १९९६ या काळात शेअरची सर्वाधिक खरेदी-विक्री करणाऱ्या अमेरिकी कुटुंबांना वर्षाला ११.४ टक्के मिळाले, बाजाराने १७.९ टक्के दिले.

उलटतपासणी: ठीक, वाटणीचा मुद्दा सोडतो. पण नियम पाळणार कोण? बाजार ३० टक्के पडल्यावर ज्याची झोप उडते तो नेमका तळाला विकतो. ही भीती नियम बनवतानाच हिशेबात घ्यायला हवी, आणि ती कुठल्याही तक्त्यात सापडत नाही.

धागाकर्ता: हे पटलं. पण तिला एकदाच विचारावं, बाजार शांत असताना. खरेदीचं कारण आणि काय घडलं तर विकणार, हे तेव्हाच लिहून ठेवावं. पडझडीत पुन्हा कौल घ्यायला माझा ठाम विरोध आहे.