शब्दचर्चा: ‘कीलहॉर्न’ हे आडनाव कुठलं?

मुद्रितशोधक, पुणे

जुन्या पुण्यावरच्या एका लेखसंग्रहाची मुद्रितं तपासतो आहे. डेक्कन कॉलेजात १८६६ ते १८८१ संस्कृत शिकवणारे जर्मन पंडित फ्रान्त्स कीलहॉर्न त्यात पाच लेखांत येतात, आणि पाच लेखांत पाच रूपं: किलहॉर्न, कीलहार्न, केलहॉर्न, कायलहॉर्न, कीलहॉर्न. मला एकच रूप ठरवायचं आहे. पण ते करताना डोक्यात दुसराच किडा शिरला. या आडनावाचा अर्थ काय? जर्मन शब्दकोशात ‘कील’ म्हणजे जहाजाच्या तळाचा कणा, पिसाचा दांडासुद्धा. ‘हॉर्न’ म्हणजे शिंग. शिवाय जर्मनीत कील नावाचं बंदर आहे, म्हणजे घराणं तिथलं का? आणि संस्कृतात कील म्हणजे खुंटी, पाचर. पतंजलीच्या महाभाष्याची प्रत सिद्ध करणाऱ्या माणसाच्या आडनावातच संस्कृत शब्द निघावा, हे खरं असेल तर फार सुंदर आहे. त्याच लेखांत मार्टिन हौग आणि गेओर्ग ब्यूलर हे जर्मन संस्कृत पंडितही आहेत. त्यांच्या आडनावांबद्दलही कळलं तर बरं होईल.

जर्मनची निवृत्त शिक्षिका, ठाणे

आधी लेखनाचं सांगते, ते लवकर उरकेल. जर्मनमध्ये ‘आय’ आणि ‘ई’ ही अक्षरं त्या क्रमाने आली की उच्चार दीर्घ ‘ई’, उलटी आली की ‘आय’. म्हणून केल नाही, कायल नाही आणि ऱ्हस्व किलही नाही. राहिला हॉर्न. त्यातला ऑ इंग्रजीच्या वळणाने आला असं वाटून काही जण अट्टाहासाने ‘होर्न’ लिहितात, पण जर्मन उच्चारही उघड्या ऑचाच आहे. तेव्हा तुमच्या पाचांतलं शेवटचं, कीलहॉर्न, हेच घ्या.

आता अर्थ. आडनाव हातात आलं की आपण लगेच शब्दकोश उघडतो. मीही वर्षानुवर्षं वर्गात हेच केलं, आणि मुलांना चुकीचं शिकवलं याची मला आजही चुटपुट आहे. आडनावाचा अर्थ विचारण्याआधी त्याचं गाव विचारावं लागतं. आपण ‘कुठले तुम्ही?’ असं विचारतो ना, तसंच.

हे कीलहॉर्न ओस्नाब्र्युकचे. १८४० सालचा जन्म. ओस्नाब्र्युक आज नीडरझाक्सन राज्यात आहे. उत्तर जर्मनीचा हा सखल मुलूख, आणि तिथली मूळ बोली प्लाटडॉइच, आपण शाळेत शिकतो ती प्रमाण जर्मन नव्हे. याच राज्यातल्या ब्राउनश्वाइगमध्ये मंदगती मुलांसाठी वेगळी शाळा काढणारे हाइनरिष कीलहॉर्न होऊन गेले. आडनाव दुर्मीळ आहे, पण पाळंमुळं या सखल भागात आहेत. आणि त्या मुलखात ‘हॉर्न’ हा जनावराच्या शिंगापेक्षा जमिनीचा शब्द आहे: पाण्यात, दलदलीत किंवा दुसऱ्याच्या शेतात घुसलेलं जमिनीचं टोक. गिफहॉर्न हे गाव ईझं नदी आल्लर नदीला मिळते तिथे आहे. नकाशा काढून तो संगम बघा, मधे अडकलेला जमिनीचा कोपरा दिसेल. एल्म्सहॉर्न, आलहॉर्न ही गावंही उत्तरेचीच. दक्षिणेत आल्प्समध्ये जा, तोच शब्द शिखर होतो. माटरहॉर्न सगळ्यांना ठाऊक आहे. सपाट मुलखात शिंग आडवं, डोंगरात उभं!

‘कील’चंही तसंच. प्लाटडॉइचमध्ये कील म्हणजे पाचर. प्रमाण जर्मनमध्ये तोच शब्द ‘काइल’ झाला. कील शहराचं नावसुद्धा तिथे आत घुसलेल्या खाडीवरून पडलं; जुन्या कागदांत ‘टोम कीलं’, म्हणजे ‘त्या कीलवर’, असा उल्लेख येतो. म्हणून शहराकडून आडनाव आलं असं मानायची गरज नाही. दोघांच्या मुळाशी एकच शब्द असू शकतो. मला पटणारा अर्थ असा: पाचरीसारखं निमुळतं जमिनीचं टोक, आणि त्या टोकाच्या वावरात राहणारं कुटुंब.

स्टुटगार्टहून एक वाचक

मॅडम, एक शंका. पाचर प्रमाण भाषेत काइल होते, तर आडनाव ‘काइलहॉर्न’ का नाही झालं? मी इथे पंधरा वर्षं राहतो. इथे दाराशी घंटीच्या बटणांशेजारी आडनावाच्या पट्ट्या असतात, आणि मला त्या वाचायची सवयच लागली आहे. आमच्या आधीच्या इमारतीत हौग होते, आताच्या इमारतीत दोन मजल्यांवर दोन वेगवेगळे हौग आहेत, एकमेकांचे कुणी नाहीत. झुरिकला मित्राकडे गेलो की तिथल्या पट्ट्यांवर मात्र ‘हूग’ दिसतं. हे दोन एकच का?

जर्मनची निवृत्त शिक्षिका, ठाणे

दादा, तुमच्या दोन्ही प्रश्नांचं उत्तर एकच आहे.

मध्ययुगात जर्मनच्या मोठ्या भागात दीर्घ स्वर फुटले. ‘ऊ’चा ‘आउ’ झाला, ‘ई’चा ‘आय’. हूस (घर) होतं त्याचं हाउस झालं, वीन होती तिची वाइन झाली. पण हा बदल सगळीकडे पोचला नाही. उत्तरेत प्लाटडॉइचने तो घेतला नाही आणि दक्षिणेच्या टोकाला स्वित्झर्लंडनेही नाही. म्हणून उत्तरेत पाचर ‘कील’च राहिली आणि झुरिकचा ‘हूग’ हूगच राहिला. मधल्या श्वाबेन भागात, म्हणजे तुमच्या स्टुटगार्टच्या आसपास, त्याच हूगचा ‘हौग’ झाला. मार्टिन हौग १८२७ साली बालिंगनजवळच्या ओस्टडॉर्फमध्ये जन्मले. ते गाव वुर्टेम्बर्गचं, म्हणजे श्वाबेनचंच. आडनाव आपल्या मुलखाबाहेर पडलंच नव्हतं. ते पुण्याला आलं, १८५९ साली!

हूग हे ह्यूगो या व्यक्तिनावाचं रूप. जुन्या जर्मन भाषेत त्याच्या मुळाशी मन, बुद्धी असा अर्थ आहे. पण एक मोठी ठेच इथे लागते. नॉर्वेतही ‘हौग’ हे आडनाव आहे आणि तिथे हौग म्हणजे टेकाड. शेतवाडीच्या नावावरून आलेलं. अक्षरं तीच, कुळ वेगळं. श्वाबेनचा हौग बुद्धीचा, नॉर्वेचा हौग मातीचा. नकाशा बाजूला ठेवून कोशाने हे कळणार नाही.

मुद्रितशोधक, पुणे

हे अगदी लक्षात आलं. आपल्याकडेही ‘-कर’ दिसलं की गाव शोधायचं, असं आपण समजतो. पण कीलहॉर्नांच्या पाठोपाठ डेक्कन कॉलेजात संस्कृतच्या जागी आले ते रामकृष्ण गोपाळ भांडारकर. तिथे भांडार हे गाव नव्हे, खजिन्याचं काम.

जर्मनमध्ये आपल्या ‘-कर’सारखं काही आहे का?

जर्मनची निवृत्त शिक्षिका, ठाणे

आहे की. शेवटचा ‘-अर’. आडेनाउ हे गाव, आडेनाउअर म्हणजे आडेनाउकर. ब्यूलरही याच घडणीचे. ‘ब्यूल’ म्हणजे टेकाड, ब्यूलर म्हणजे टेकाडावर राहणारे. आपल्या टेकाड्यांचे नि टेंब्यांचे सख्खे शेजारी म्हणा! ब्यूलर आडनाव बाडेन, वुर्टेम्बर्ग आणि स्वित्झर्लंडचं. पूर्वेकडे बव्हेरिया, ऑस्ट्रिया, दक्षिण टिरोलकडे जा, तेच आडनाव बिशलर, पिशलर होतं, कारण तिकडच्या बोलीत ओठ गोल करून म्हणायचा ‘ई’ साधा ‘इ’ होतो. गंमत बघा, गेओर्ग ब्यूलर जन्मले उत्तरेत, हानोफरमधल्या बोर्स्टलला. तिथल्या बोलीत टेकाडाला ब्यूल म्हणत नाहीत. म्हणजे माणूस उत्तरेचा, आडनाव दक्षिणेचं. घराण्याने कधीतरी प्रवास केला असणार. मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात त्यांनी शिकवलं, पुढे व्हिएन्नाला गेले, आणि १८९८ साली जर्मनी-स्वित्झर्लंडच्या सीमेवरच्या बोडन सरोवरात बुडून त्यांचा अंत झाला. त्या सरोवराच्या दोन्ही काठांवर ब्यूलर हे घरोघरचं आडनाव आहे. मला हे वाचून नेहमी गलबलून येतं.

लेखनात मात्र ‘ब्यूहलर’ नको. तिथला ‘ह’ फक्त आधीचा स्वर लांबवतो, स्वतः उच्चारला जात नाही.

स्टुटगार्टहून एक वाचक

मॅडम, पण इतकी युद्धं, इतकी स्थलांतरं. दुसऱ्या महायुद्धानंतर पूर्वेकडून एक कोटीहून जास्त जर्मन हाकलले गेले. तरी आडनाव आपल्या जागी राहिलं, हे पटायला जड जातं.

जर्मनची निवृत्त शिक्षिका, ठाणे

मलाही जड जात होतं, नकाशे बघेपर्यंत. फ्रायबुर्ग आणि माइन्त्सच्या अभ्यासकांनी २००९ पासून जर्मन आडनावांचे नकाशे खंडाखंडाने छापले. त्यांनी २००५ सालचे घरगुती टेलिफोन घेतले. तारेचा फोन घराला जोडलेला असतो, म्हणून माणूस कुठे राहतो ते कळतं. मोबाइलने ते कळलं नसतं. त्या नकाशांवर ‘मायर’ची रूपं बघा. उच्चार एक, लेखनं चार, आणि प्रत्येकाचा मुलूख वेगळा. हान्झन, पेटरझन असे ‘-झन’वाले अजूनही डेन्मार्कच्या सीमेलगत दाटलेले. पोळी-भाजीइतकी साधी माणसं, शेतकरी, कुंभार, शिंपी, आपापल्या गावाच्या दहा-वीस कोसांत राहिली, आणि आडनाव राहिलं.

पण ओस्नाब्र्युकच्या बाजूची एक रीत सांगितल्याशिवाय राहवत नाही. वेस्टफालिया आणि त्याच्या आसपास आडनाव माणसापेक्षा वाडीचं असायचं. वाडीच्या एकुलत्या मुलीशी लग्न करून आलेला घरजावई आपलं आडनाव सोडून वाडीचं घ्यायचा, पोरांना तेच लागायचं. जुन्या चर्चच्या वह्यांत ‘अमुक, ऊर्फ तमुक’ अशा जोड्या दिसतात त्या यामुळे. म्हणजे एखाद्या टोकाच्या वाडीचं नाव कीलहॉर्न असेल, तर तिथे रक्ताचं नातं नसलेली माणसंही पिढ्यान्पिढ्या त्या नावाने जगली असतील. तेव्हाच्या प्रशिया राज्यात १ ऑक्टोबर १८७४ला आणि सगळ्या जर्मन साम्राज्यात १ जानेवारी १८७६ला सरकारी नोंदणी सुरू झाली, तेव्हा लेखन पक्कं झालं. त्याआधी पाद्री कानावर पडेल तसं लिहीत. तिकडे वही उघडली तेव्हा आपले कीलहॉर्न पुण्यात शिकवत होते.

मुद्रितशोधक, पुणे

मग संस्कृत ‘कील’चं काय? पाचर आणि पाचर! मला ते नातं सोडवत नाही.

जर्मनची निवृत्त शिक्षिका, ठाणे

सोडावं लागेल, पण त्याच्या बदल्यात मी तुम्हाला अधिक मोठं देते.

संस्कृत आणि जर्मन एकाच मूळ भाषेतून आल्या, पण वाटेत जर्मनची व्यंजनं सरकली. मुळातल्या ‘क’चा जर्मनमध्ये ‘ह’ झाला. लॅटिनमध्ये कुत्रा कानिस, जर्मनमध्ये हुंड. म्हणून जर्मनमध्ये आज जो ‘क’ आहे तो जुन्या ‘ग’चा. संस्कृत कीलचा खरा भाऊ जर्मनमध्ये ‘क’ने सुरू होऊच शकत नाही. दोन्हीकडे कील, दोन्हीकडे पाचर, हा निव्वळ योगायोग.

आता दुसरा अर्धा भाग बघा, ज्याच्याकडे तुम्ही वळूनही पाहिलं नाहीत. हॉर्न. लॅटिनमध्ये शिंग म्हणजे कॉर्नू. क आणि ह, नियमाप्रमाणे. आणि जिथे लॅटिनमध्ये तो ‘क’ आहे, तिथे संस्कृतात ‘श’ येतो: लॅटिन केंटुम, जर्मन हुंडर्ट, संस्कृत शत. मग लॅटिन कॉर्नू, जर्मन हॉर्न, आणि संस्कृत? शृङ्ग. आपलं शिंग! कानाला काही जुळत नाही, पण मूळ एक. अर्थसुद्धा एकाच वाटेने वाढला: शृंग म्हणजे शिंग आणि डोंगराचं शिखरही, हॉर्न म्हणजे शिंग आणि आल्प्सचं शिखरही. सारखं दिसतं ते परकं निघालं आणि परकं दिसतं ते आपलं.

अशीच फसगत ‘आइशहॉर्न’ची होते. आइशं म्हणजे ओक, हॉर्न म्हणजे शिंग, असं तोडलं की चुकलं. तो खारीचा जुना शब्द आहे; त्यात शिंगाचा संबंध नाही, लोकांनी नंतर ऐकून जोडला.

आणि हॉर्नवाल्यांमधलं शेवटचं, खास मुद्रितशोधकासाठी. सोळाव्या शतकात उत्तर जर्मनीतल्या ल्यूबेकला योहान बालहॉर्न नावाचे छापखानेवाले होते. त्यांच्याकडे १५८६ साली ल्यूबेकच्या कायद्याची ‘सुधारून’ आवृत्ती निघाली आणि ती चुकांनी भरलेली होती. सुधारणा दुसऱ्यांच्या, पण नाव छापखान्याचं लागलं. त्यावरून जर्मनमध्ये क्रियापद आलं, ‘फेअरबालहॉर्नन’: दुरुस्त करायला जाऊन शब्द बिघडवणं.

मुद्रितशोधक, पुणे

केलहॉर्न, कायलहॉर्न, किलहॉर्न आणि कीलहार्न आज खोडले, सगळीकडे कीलहॉर्न केलं. हौग आहेत तसेच. ब्यूहलरमधला ‘ह’ तीन ठिकाणी काढला. चौथा एका जुन्या पत्राच्या उताऱ्यात आहे. तिथे पेन्सिल टेकवली होती, पण बालहॉर्न आठवले आणि तो तसाच ठेवला.