तोफखान्यात सर्व्हेअर कशाला लागायचे?

कळव्याचा_सर्व्हेअर:
घोडबंदर रोडला मेट्रोच्या कामावर टोटल स्टेशन (कोन आणि अंतर मोजायचं यंत्र) लावतो. चहाला आमचे साहेब म्हणाले, पहिल्या महायुद्धात ब्रिटिशांनी मोजणीवाल्यांच्या वेगळ्या कंपन्या, म्हणजे लष्करी तुकड्या, काढल्या होत्या, तोफांसाठी. समोर दिसेल त्यावर गोळा टाकायचा, त्यात मोजणी कसली?

नौपाडा_निवृत्त:
दिसलं तर ना, बाबा! तोफा टेकाडाआड. म्हणून १९१६ मध्ये फ्रान्समधल्या प्रत्येक ब्रिटिश आर्मीला (सैन्याच्या मोठ्या विभागाला) रॉयल इंजिनिअर्सची, म्हणजे लष्करी अभियंत्यांची, एकेक फील्ड सर्व्हे कंपनी दिली. आपल्या तोफांच्या जागा नकाशावर पक्क्या करायच्या आणि शत्रूच्या हुडकायच्या, रात्री तोफेच्या चमकेवरून, नाहीतर आवाजावरून.

आवाजाचं काम लॉरेन्स ब्रॅगकडे, २५ व्या वर्षी नोबेल मिळालेला तोच. ओळीने मायक्रोफोन मांडायचे आणि आवाज कुठे किती आधी पोचला ते सरकत्या फिल्मवर टिपायचं. सेकंदाचा शंभरावा भाग चुकला की साडेतीन मीटरचा घोळ. मायक्रोफोनची जागाच चुकली तरी तोच घोळ, म्हणून सर्व्हेअर.

घोडं अडलं भलतीकडेच. गोळा आवाजाच्या पुढे धावतो, त्याचा कडाड आधी येतो आणि साधा मायक्रोफोन तोच पकडतो. तोफेचा खरा आवाज इतका खर्जातला की कानाला धड लागत नाही. तुर्भ्याला राहायचो तेव्हा पारसिकच्या खाणीत सुरुंग उडाला की आवाज बेताचाच, पण देव्हाऱ्यातली घंटी हलायची. तसंच ते. टकर नावाच्या कॉर्पोरलला निजायच्या जागी भिंतीच्या भोकातून तोफेसरशी गार झुळूक लागली. त्याने प्लॅटिनमची बारीक तार तापवून भोकावर ताणली. हवेचा झोत आला की तार गार, तिचा विजेला होणारा रोध कमी. कडाड गाळला गेला, तोफ तेवढी उरली.

खारेगाव_टोलनाका:
आणि वारा उलटा असला तर?

नौपाडा_निवृत्त:
तर बोंब! तिथे वारा बहुधा पश्चिमेचा, म्हणजे ब्रिटिशांकडून जर्मनांकडे. जर्मन तोफांचा आवाज त्याविरुद्ध येताना वरच्यावर उचलला जायचा. शिवाय हवा १ अंश तापली की आवाजाचा वेग सेकंदाला ०.६ मीटरने वाढतो, तोही हिशेबात धरायचा.

पण २० नोव्हेंबर १९१७ ला फ्रान्समधल्या कांब्रेच्या लढाईत सगळं वसूल झालं. एरवी आधी गोळे टाकून नेम बसवायचा, शत्रू लगेच सावध. त्या पहाटे हजारभर तोफा नुसत्या आकडेमोडीवर एकदम सुटल्या.

कळव्याचा_सर्व्हेअर:
काका, चमकेवरून शोधायचं म्हणजे दोन-तीन स्टेशनांवरून कोन घ्यायचे. हे आमचं इंटरसेक्शनच की!

नौपाडा_निवृत्त:
तेच. फक्त समोर प्रिझम धरून पोऱ्या उभा नसतो.