इलेक्टोरल कॉलेज: मंडळ, गण की आणखी काही?

अमेरिकी अध्यक्षांची निवड कशी होते, यावरचा एक लेख मराठीत करतेय. तिथे लोकांच्या मतांवरून राज्याराज्यांतून 'इलेक्टर' ठरतात आणि ते अध्यक्ष निवडतात; त्या सगळ्यांचं मिळून 'इलेक्टोरल कॉलेज'. त्याला काय म्हणावं? यंत्राने 'निवडणूक महाविद्यालय' दिलं, ते खोडलं. 'मतदारसंघ' शब्दशः बसतो, पण त्या घरात आधीच दुसरा भाडेकरू आहे. उरले 'निर्वाचक मंडळ' आणि 'निर्वाचकगण'.

---

यंत्राला फार हसू नका. कोलेजियम म्हणजे लॅटिनमध्ये सहकाऱ्यांचा समूह. न्यायाधीश निवडणारं आपलं कॉलेजियम त्यातलंच. गंमत म्हणजे अमेरिकेच्या मूळ राज्यघटनेत हा शब्दप्रयोग नाही, नुसते 'इलेक्टर्स' आहेत. आपल्या अनुच्छेद 54 मध्ये मात्र आहे, आणि हिंदी पाठात 'निर्वाचकगण'. मराठी कानाला 'निर्वाचन' जरा परकंच. हिंदीवाले निर्वाचन आयोग म्हणतात, आपण निवडणूक आयोग. तरी 'निर्वाचक' ठेवा. 'मतदार' म्हटलं की बोटाला शाई लावलेला माणूस डोळ्यापुढे येतो, आणि इथे तो नकोय.

---

'मंडळ' मला खटकतं. मंडळ म्हटलं की बैठक आली, इतिवृत्त आलं, चहा आला. हे 538 जण एकत्र कधी बसतच नाहीत. डिसेंबरात आपापल्या राज्यात जमतात, ठरलेलं मत देतात आणि घरी जातात. जाणती माणसं विचारविनिमय करून निवड करतील, अशी अमेरिकेच्या घटनाकारांपैकी हॅमिल्टनची कल्पना होती. 'मंडळ' लिहिलंत तर वाचकाला अजूनही तसंच वाटेल. 'गण' बरा, त्यात गणनाही ऐकू येते.

---

बरं, 'गण' घेते. आता लेखाचा खरा प्रश्न: ही पद्धत 'फेअर' आहे का? न्याय्य लिहू की रास्त?

---

रास्त! न्याय्य म्हटलं की कोर्ट डोकावतं, आणि कायद्याने तर सगळं चोखच आहे. 2016 मध्ये हिलरी क्लिंटन यांना देशभरात 28 लाखांहून जास्त मतं अधिक मिळाली, तरी अध्यक्ष ट्रम्प झाले. नियमाप्रमाणेच झाले.

रास्त म्हटलं की मराठी माणसाला पुढे 'भाव' ऐकू येतो, आणि भांडण मताच्या भावाचंच आहे. वायोमिंग या छोट्या राज्याला 3 निर्वाचक, म्हणजे साधारण 1 लाख 92 हजार लोकांमागे एक. कॅलिफोर्नियाला 54, म्हणजे 7 लाख 30 हजारांमागे एक. आपल्या राष्ट्रपती निवडणुकीत यासाठी 'मतमूल्य' हा शब्दच आहे: महाराष्ट्रातल्या आमदाराचं 175, गोव्यातल्याचं 20, सिक्कीममधल्याचं 7. हिशेब 1971 च्या लोकसंख्येवर अडकलाय हे खरं, पण भाव पाटीवर लिहिलेला आहे. तिथे तो आकडेमोड करून शोधावा लागतो.

---

लहान राज्यांची बाजूही लिहा हो. तो संघराज्याचा करार आहे. दोन सिनेटर सगळ्यांना सारखे, वर लोकसंख्येप्रमाणे निदान एक प्रतिनिधी, आणि जितके हे दोन्ही मिळून तितके निर्वाचक; म्हणून किमान 3. तेवढं मला पटतं. न पटणारी गोष्ट वेगळी: राज्यात जो पुढे, त्याला राज्यातले सगळे निर्वाचक. 2000 साली फ्लोरिडात बुश 537 मतांनी पुढे राहिले आणि 25 च्या 25 घेऊन गेले. देशभरात मात्र त्यांचे प्रतिस्पर्धी गोर यांची मतं जास्त होती. हा नियम घटनेतला नाही, राज्यांनी केलेला. मेन आणि नेब्रास्का तो पाळत नाहीत. 'विनर टेक्स ऑल'साठी मी 'घाऊक पद्धत' सुचवीन.

---

'घाऊक' उचलला! शेवटचा एक: 'फेथलेस इलेक्टर', म्हणजे ठरलेल्या उमेदवाराला मत न देणारा. बेइमान? अविश्वासू?

---

अविश्वासू तर घरगडी असतो. आपल्याकडे मतं फुटतात ना? 'फुटीर निर्वाचक'. 2016 मध्ये असे 7 फुटले.

---

आणि 'गद्दार' नको. तो शब्द महाराष्ट्रात सध्या रिकामा नाही.